नाजूक जागेचे दुखणे : मुला-मुलींनी कुणाला सांगावे, कसे सांगावे?

आरोग्य पानाच्या या पाठात आपण अशा दुखण्यांबद्दल बोलणार आहोत, ज्यांच्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. ताप आला, खोकला झाला, पाय मुरगळला की दहा बाय बाराच्या खोलीत सगळ्यांना लगेच कळते. आजी काढा करते, शेजारची मावशी गोळी देते. पण त्याच खोलीत राहणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाला जांघेत महिनाभर खाज असते आणि ते कुणाला माहीत नसते. मुलीच्या अंगावरून दहा-दहा दिवस जाते, ती फिकट पडते आणि घरचे म्हणतात, "नीट जेवत नाही म्हणून अशी झाली."

हा पाठ घरातील मोठ्यांनी आधी वाचावा आणि मग तरुण मुला-मुलींच्या हाती द्यावा. सोबत बसून वाचता आला तर उत्तमच.

लाजेची किंमत

एक उदाहरण घेऊ. समजा, चौदा वर्षांच्या मुलाला पहाटे अचानक अंडकोषाच्या एका बाजूला जोराची कळ येते. पोटात ढवळते, उलटी होते. आईने विचारले तर तो म्हणतो, "पोट दुखतंय." लघवीच्या जागेचे नाव आईसमोर कसे घ्यायचे? आई ओवा देते, मेडिकलमधून गॅसची गोळी आणते. दुपारपर्यंत वाट पाहिली जाते. संध्याकाळी सूज दिसते, तेव्हा दवाखाना आठवतो.

या दुखण्यात वृषणाला पीळ पडलेला असतो. आतील रक्तवाहिनी दोरीसारखी पिळली जाते आणि रक्तपुरवठा थांबतो. साधारण सहा तासांच्या आत ऑपरेशन करून पीळ सोडवला तर वृषण वाचण्याची शक्यता चांगली असते. जितका उशीर, तितकी ती कमी होते. शेवटी वृषण काढून टाकावे लागते. हे दुखणे बारा ते अठरा या वयात जास्त दिसते, म्हणजे नेमके त्या वयात, जेव्हा मुलगा सर्वांत जास्त लाजतो. "पोट नाही, खाली दुखतंय" एवढे एक वाक्य सकाळी बोलले गेले असते, तर मुलगा वेळेत ऑपरेशनला पोहोचला असता.

म्हणून मुलांनो, हे पाठ करून ठेवा : अंडकोषात अचानक जोराची कळ आली, तर रात्र असो की पहाट, घरच्यांना उठवायचे आणि मोठ्या हॉस्पिटलच्या अपघात विभागात जायचे. आणि आई-वडिलांनो, मुलगा "पोट दुखतंय" म्हणाला आणि उलट्या करू लागला, तर एकदा सरळ विचारा, "खाली दुखतंय का?" डॉक्टरांनाही तसेच सांगा.

या विषयावर बोलणे अश्लील नाही

काही घरांत म्हणतील, असल्या गोष्टी मासिकात कशाला? त्याचे उत्तर आपल्या इतिहासातच आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. वाचक त्यांना शरीराविषयी, लैंगिक आरोग्याविषयी प्रश्न पाठवत आणि ते शास्त्राला धरून उत्तरे देत. या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली मुंबई हायकोर्टात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यावरून लेखन अश्लील ठरत नाही, लोकांच्या मनात प्रश्न असतील तर त्यांना ज्ञान मिळाले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण बाबासाहेबांनी कुणाची बाजू घेतली, हे आपण लक्षात ठेवायचे. प्रश्न विचारणाऱ्या वाचकाची आणि त्याला खरे उत्तर देणाऱ्याची बाजू त्यांनी घेतली.

काय साधे आहे आणि काय दाखवायला हवे

निम्मी भीती अज्ञानाची असते. म्हणून आधी साध्या गोष्टी समजून घेऊ.

मुलांसाठी : झोपेत वीर्य बाहेर येणे हा आजार नाही. वयात आल्यावर शरीरात वीर्य तयार होऊ लागते आणि ते झोपेत बाहेर पडू शकते. हस्तमैथुनाने अशक्तपणा येत नाही, चष्मा लागत नाही, पुढे मूल होण्यात अडचण येत नाही. "धातू जाते, शरीर पोकळ होते" ही भीती दाखवून पैसे उकळणाऱ्यांचा मोठा धंदा आहे. एक वृषण दुसऱ्यापेक्षा थोडे खाली असणेही साधे आहे. तेरा-चौदाव्या वर्षी काही मुलांच्या छातीला थोडी गाठ किंवा फुगवटा येतो. तो बहुतेकांचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो.

डॉक्टरांना दाखवायचे ते हे : लघवी करताना जळजळ, लघवीच्या जागेतून पू येणे, शिश्नावर जखम किंवा फोड, अंडकोषात गाठ किंवा सूज, एक किंवा दोन्ही वृषणे पिशवीत हाताला न लागणे. पुढची कातडी मागे जात नसेल आणि त्रास होत असेल तरीही दाखवा. ती ओढून मागे नेली आणि पुन्हा पुढे येईना, तर त्याच दिवशी, लगेच हॉस्पिटल गाठा.

मुलींसाठी : दोन पाळ्यांच्या मधे थोडे पांढरे, पातळ किंवा चिकट पाणी जाणे साधे आहे. त्याने हाडे झिजत नाहीत. पण ते दह्यासारखे गुठळ्या-गुठळ्यांचे झाले आणि खाज सुटली, हिरवट-पिवळे झाले, वास मारू लागला किंवा ओटीपोटात दुखू लागले, तर तपासून घ्यावे. प्रत्येक प्रकाराचे औषध वेगळे असते, म्हणून मैत्रिणीची गोळी आपल्याला चालत नाही. आतून धुण्यासाठी डेटॉल, साबण, सुगंधी लोशन वापरू नका. बाहेरून साध्या पाण्याने धुणे पुरे असते.

पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षे ती मागेपुढे होते. पंधरा वर्षे पूर्ण झाली तरी पाळी आलीच नाही, आलेली पाळी तीन महिने थांबली, सात दिवसांपेक्षा जास्त गेले, तासा-दोन तासाला पॅड भिजू लागले किंवा दुखण्यामुळे दर महिन्याला शाळा बुडू लागली, तर "बाईच्या जातीला सोसावंच लागतं" असे म्हणून गप्प बसू नये. जास्त रक्त जाण्याने रक्त कमी होते, दम लागतो, अभ्यासात लक्ष लागत नाही. यावर उपचार आहेत.

लाजेतून वाढणारी दोन दुखणी

आपल्या वस्तीत लाजेमुळे दोन त्रास फार वाढतात. पहिला नायट्याचा म्हणजे गजकर्णाचा. मुली आणि बायका आतले कपडे दोरीवर ओढणीखाली, टॉवेलखाली झाकून वाळत घालतात. ऊन लागत नाही, कपडा ओलसर राहतो आणि तसाच अंगावर चढतो. ओलसर, कोंदट जागा बुरशीला आवडते. जांघेत गोल चट्टे उठतात, खाज सुटते. मुलांचेही तेच, घट्ट जीन्स आणि न वाळलेली चड्डी. मग मेडिकलवाल्याकडून वीस-पंचवीस रुपयांची ट्यूब येते. अशा अनेक ट्यूबमध्ये स्टिरॉइड असते. दोन दिवस खाज थांबते, वाटते बरे झाले. पण बुरशी मरत नाही, उलट पसरते. कातडी पातळ होते, तिच्यावर पांढरे-लाल चरे उठतात आणि पुढे साध्या औषधाने आजार आटोक्यात येत नाही. उपाय म्हणजे त्वचारोग विभागात दाखवणे, डॉक्टर सांगतील तितके आठवडे औषध घेणे, घरात ज्याला-ज्याला चट्टे आहेत त्या सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घेणे, टॉवेल वेगळा ठेवणे आणि आतले कपडे उघड्यावर, उन्हात वाळवणे. कपडा उन्हात वाळवण्यात लाजण्यासारखे काहीच नाही.

दुसरा त्रास लघवी दाबून ठेवण्याचा. सार्वजनिक संडास लांब, दिवा बंद, कडी तुटलेली, बाहेर पोरे उभी. मग मुली संध्याकाळनंतर पाणी पिणेच बंद करतात. त्यातून लघवीला जंतुसंसर्ग होतो : जळजळ, थोडी-थोडी लघवी, ओटीपोटात दुखणे. त्यासोबत थंडी वाजून ताप आणि कंबरेच्या वर पाठीत दुखू लागले, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. त्या दिवशी थांबायचे नाही. वस्तीच्या मंडळाने संडासाचा दिवा आणि कडी दुरुस्त करून घेणे, हेही मुलींच्या आरोग्याचेच काम आहे.

कुठे जायचे?

पहिली पायरी जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, महापालिकेचा दवाखाना किंवा शहरातला 'आपला दवाखाना'. तिथे एमबीबीएस डॉक्टर असतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत.

१० ते १९ वयाच्या मुला-मुलींसाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्याखाली सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी वेगळी केंद्रे चालतात. महाराष्ट्रात त्यांना 'मैत्री क्लिनिक' म्हणतात. तिथे समुपदेशक असतात. पाळी, पांढरे जाणे, वयात येण्याच्या शंका, मनावरचा ताण, यावर तिथे बोलता येते. आपल्या जवळच्या रुग्णालयात ते कोणत्या वारी, कोणत्या खोलीत असते, हे आशाताईला विचारून ठेवा.

लैंगिक संबंधातून आजार झाल्याची शंका असेल तर जिल्हा रुग्णालयात आणि मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात 'सुरक्षा क्लिनिक' असते. तपासणी, समुपदेशन आणि औषध मोफत असते. जोडीदारालाही उपचार मिळतो. एचआयव्हीची तपासणी 'आयसीटीसी' केंद्रात मोफत होते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे ही तपासणी संमतीशिवाय करता येत नाही आणि तिचा निकाल गुप्त ठेवावा लागतो. प्रत्यक्ष जाण्याआधी फोनवर विचारायचे असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे. या काळजीने झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर कधीही बोलता येते.

आणि कुठे जायचे नाही? रेल्वेच्या डब्यात, संडासाच्या भिंतीवर "गुप्तरोग, शर्तिया इलाज" अशी चिठ्ठी चिकटवणाऱ्याकडे. लैंगिक शक्ती वाढवण्याच्या, गुप्तरोग किंवा पाळीचे विकार बरे करण्याच्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. म्हणजे त्या चिठ्ठीपासूनच बेकायदा काम सुरू होते. खरा डॉक्टर "शंभर टक्के गॅरंटी" देत नाही आणि दारावर पदवी व नोंदणी क्रमांक लावतो.

डॉक्टरांना सांगायचे कसे?

बहुतेक मुले दवाखान्याच्या दारापर्यंत जातात आणि "डोकं दुखतंय" सांगून गोळ्या घेऊन परत येतात. म्हणून तयारी करून जा.

१. केसपेपरच्या खिडकीवर, चाळीस माणसांसमोर सगळे सांगण्याची गरज नाही. "त्वचारोग विभाग" किंवा "स्त्रीरोग विभाग" एवढे पुरे. "काय होतंय?" असे विचारलेच तर म्हणा, "खाजगी तक्रार आहे, डॉक्टरांना सांगतो."

२. घरूनच चिठ्ठी लिहून न्या. काय होते, कधीपासून, कोणते औषध किंवा ट्यूब लावली. मुलींनी शेवटच्या पाळीची तारीखही लिहावी. तोंडातून शब्द फुटला नाही तर चिठ्ठी पुढे करा. डॉक्टरांना त्याने उलट सोपे जाते.

३. बोलायचे असेल तर सरळ बोला : "डॉक्टर, लघवीच्या जागी पंधरा दिवसांपासून खाज आहे." "अंगावरून जाते त्याला वास येतो." "डाव्या गोटीला गाठ लागते." शास्त्रीय शब्द येत नसेल तर घरात वापरता तोच शब्द चालतो. डॉक्टरांनी तो हजार वेळा ऐकलेला असतो.

४. खोलीत दुसरे पेशंट उभे असतील तर म्हणा, "मला एकट्याने बोलायचं आहे." पडदा मागणे, दार लोटायला सांगणे हा तुमचा हक्क आहे. मुलीला पुरुष डॉक्टर तपासत असतील तर सिस्टर किंवा घरची बाई सोबत असलीच पाहिजे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेत हे स्पष्ट आहे. तपासणी नको वाटली तर "आधी काय करणार ते सांगा" असे विचारा.

५. "संबंध आले आहेत का?" असे डॉक्टर विचारतील. त्यावरून कोणती तपासणी करायची, कोणते औषध द्यायचे हे ठरते. खरे उत्तर द्या. आईसमोर बोलता येत नसेल तर आईला क्षणभर बाहेर थांबायला सांगण्याची विनंती डॉक्टरांना करा.

६. निघण्याआधी तीन गोष्टी विचारा : मला काय झाले आहे? औषध किती दिवस घ्यायचे? पुन्हा कधी दाखवायचे?

कधी कुणी कर्मचारी टोमणा मारतो, "तुमच्या वस्तीत असंच असतं" म्हणतो. अशा वेळी उपचार सोडून परत येऊ नका. काम पूर्ण करा आणि मग वस्तीतल्या मोठ्यांना सोबत घेऊन रुग्णालयाच्या अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्या. दवाखाना आपल्या हक्काचा आहे.

वय आणि कायदा

अठरा पूर्ण झालेल्या मुला-मुलीला स्वतःच्या संमतीने तपासणी व उपचार घेता येतात. डॉक्टरांनी त्याची माहिती आई-वडिलांना किंवा शेजाऱ्यांना सांगायची नसते. अठराच्या आतील मुलांना सल्ला आणि समुपदेशन मिळते, पण ऑपरेशनसारख्या उपचारासाठी पालकाची संमती लागते. म्हणून घरातल्या एका तरी मोठ्या माणसाला विश्वासात घ्या. आई नसेल तर मावशी, आत्या, मोठी ताई, काका.

खाज, पाळी, पांढरे जाणे, गाठ यांचा पोलिसांशी काही संबंध नाही. मात्र अठराच्या आतील मुला-मुलीशी कुणी लैंगिक कृत्य केल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे डॉक्टरांना पोलिसांना कळवावेच लागते. हे आधी माहीत असावे, पण त्या भीतीने उपचार टाळू नयेत. अत्याचार झाला असेल तर सरकारी असो वा खाजगी, कोणत्याही हॉस्पिटलने तातडीचे उपचार मोफत द्यायचे असतात आणि ७२ तासांच्या आत पोहोचणे फार महत्त्वाचे असते. एचआयव्ही व गर्भ टाळण्याची औषधे त्याच काळात उपयोगी पडतात. मुलांसाठी १०९८ हा मदत क्रमांक आहे.

दिवस गेले असतील तर चोरून गोळ्या खाऊ नका. नोंदणीकृत केंद्रात गर्भपात कायदेशीर आहे. अठरा पूर्ण झालेल्या मुलीची स्वतःचीच संमती पुरते, त्याखाली पालकाची लेखी संमती लागते. लग्न झालेले नाही म्हणून तिला नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात स्पष्ट केले आहे. याच निकालाप्रमाणे अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरांनी तिचे नाव देणे आवश्यक नाही.

आई-वडिलांसाठी चार शब्द

मुलाने धीर करून सांगितले की पहिल्या दहा सेकंदांत तुमचा चेहरा कसा होतो, त्यावर तो पुढच्या वेळी सांगेल की नाही हे ठरते. "काय धंदे केलेस?" हा पहिला प्रश्न असेल तर तो शेवटचाच ठरेल. पहिला प्रश्न असावा, "कधीपासून दुखतंय?" दवाखान्यात सोबत जा, पण त्याला डॉक्टरांशी दोन मिनिटे एकट्याने बोलू द्या. घरी परतल्यावर ही गोष्ट चाळीतल्या ओट्यावर बोलू नका. वडिलांनीही मुलीचे पॅड आणायला लाजू नये, आणि एकट्या आईने मुलाशी वृषणाबद्दल बोलायला लाजू नये. शरीराच्या प्रत्येक भागाचे नाव लहानपणापासून साधेपणाने घेतले, तर सोळाव्या वर्षी मुलाला शब्द शोधावे लागत नाहीत.

घरी किंवा रविवारच्या बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या जवळचे 'मैत्री क्लिनिक' कुठे आहे आणि ते कोणत्या दिवशी असते? आशाताईला विचारून इथे लिहून ठेवा.

२. रात्री दोन वाजता मुलाला अंडकोषात जोराची कळ आली, तर आपण कोणत्या हॉस्पिटलात जाऊ? कसे जाऊ?

३. आपल्या घरात मुलगा किंवा मुलगी असे दुखणे सर्वांत आधी कुणाला सांगू शकेल? त्या माणसाने आज स्वतःहून मुलांना एवढे सांगावे : "कधीही, काहीही झालं तरी मला सांग. मी रागावणार नाही."